यू वेन्ट व्हेअर

माझी सात वर्षांची नात परदेशात राहते. मराठी तिला थोडंफार कळतं, बोलता मात्र येत नाही. दर रविवारी संध्याकाळी मुलगा फोन लावून तिला समोर बसवायचा आणि आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत बसायचो. या पोरीनं माझ्याशी बोललं पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता. म्हणून साठी उलटल्यावर मी नाशिकला आमच्याच कॉलनीत इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला.

क्लासच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण भलत्या कडक. मी वाक्य मराठीसारखंच जुळवायचे आणि शब्द तेवढे इंग्रजी घालायचे. 'तू कुठे गेलीस'चं सरळ 'यू वेन्ट व्हेअर'. बाई म्हणायच्या, आधी 'व्हेअर', मग 'डिड', मग माणूस, आणि 'डिड' आलं की 'वेन्ट'चं परत 'गो' करायचं. एका प्रश्नासाठी एवढी उठाठेव कशाला, म्हणून मी चिडायचे. पण अंबडच्या कारखान्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढल्या होत्या. स्वतःची चूक मला सहन होईना.

नातीला मात्र माझं इंग्रजी फार आवडायचं. 'यू वेन्ट व्हेअर' ऐकलं की ती खुदकन हसायची, तेच वाक्य सुधारून माझ्याकडून दहादा घोकून घ्यायची आणि त्या भरात शाळा, मैत्रिणी, पडलेला दात असं सगळं सांगून टाकायची.

तीन महिन्यांनी मला एकदाचं जमलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या रविवारी मी ऐटीत विचारलं, "व्हेअर डिड यू गो?"

"पार्क," ती म्हणाली.

शाळा कशी चाललीय, तेही बिनचूक विचारलं. त्यावर नुसतं 'गुड' आलं. तीन प्रश्नांत कारभार आटोपला आणि ती खेळायला पळाली. मला रडूच आलं. जळलं ते व्याकरण, असंही वाटलं.

पुढच्या रविवारपासून मी ठरवून चुकू लागले, आणि तिची शिकवणी पुन्हा सुरू झाली. मुलाला संशय आला. तो म्हणाला, "आई, तुला नीट येतंय ना आता?" मी त्याला गप्प बसवलं.

ती मला शिकवायची, सांगायची, पण स्वतःहून कधी काही विचारायची नाही. गेल्या रविवारी मात्र फोनच्या अगदी जवळ तोंड आणून म्हणाली, "आजी, यू एट व्हॉट?"

मुलगा मागून तिचं वाक्य सुधारायला लागला. मी त्याला तिथल्या तिथे दटावलं आणि मेथीची भाजी, भाकरी, ठेचा, सगळं मराठीतच सांगत सुटले.