अर्धा अध्याय

कसर लागू नये म्हणून पोथीच्या रुमालात घालायला आणलेलं वेखंड काल मी सुंठ समजून चहात किसून टाकलं. सगळे तोंडं वाकडी करून हसले. मी मात्र त्या वासासरशी कुंभार पिंपळगावच्या आमच्या बैठकीत जाऊन पोचलो.

जुनी हस्तलिखितं जमवणारे जालन्याचे शेटजी पणजोबांच्या हातची पोथी विकत घ्यायला आल्ते. घरात ती वाचणारं कुणी उरलं नव्हतं. आई गेल्यापासून बाबांनी बोलणंच टाकलं होतं. बैठकीतच भिंतीकडे तोंड करून बसत. मी मोठ्या ऐटीत भाव सांगून राह्यलो होतो. शेटजींनी रुमाल सोडला, वेखंड बाजूला सारलं आणि अक्षर पाहायला मधल्याच दोन ओळी वाचल्या.

"बराबर आहे. बांधा."

"असं कसं शेटजी?" बायको दारातून म्हणाली. "उघडलेला अध्याय अर्धा सोडत न्हाईत."

शेटजी हसून मांडी घालून बसले, वाचू लागले आणि एका ओळीला अडले. पुढची ओळ भिंतीकडून आली. बाबांचा आवाज घोगरा झाला होता, पण शब्द एकही चुकला नाही. अध्याय दोघांनी मिळून संपवला.

रुमालाची गाठ शेटजींनीच मारली. "काका आहेत तोवर इथंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि उठले.

आज बाबा नाहीत, आणि मला तो आवाज तेवढा ऐकू येतो. तेव्हा मात्र सौदा मोडला म्हणून मी कुरकुरत होतो.

ती कुरकुर ऐकून त्याच रात्री बायको हळूच म्हणाली, "उद्यापासून तुम्ही वाचत जा. अन् मधीमधी अडखळत जा."