धाकटीच्या सायकलचं पुढचं चाक

खोकं आलं तेव्हा थोरली घरात नव्हती, आणि तेच तिच्या मनाला पहिल्यांदा लागलं. कामावरून परत येताना गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या शिंपिणीने तिला गाठलं. "तुमच्या धाकटीची सायकल आली की! केवढं ते खोकं! दोन माणसांनी धरून आत नेलं." थोरली म्हणाली, "हो का, बरं झालं." चेहऱ्यावर तिने हसूही आणलं. ते हसू घराच्या दारापर्यंत टिकवताना तिच्या गालांना रग लागली.

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. एकोणीस वर्षं ती सायकलच्या कारखान्यात चाकांचा आउट काढते. नवं चाक फिरवलं की ते कुठे ना कुठे लचकतं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. स्पोक कुठे आवळायचा, कुठे सोडायचा, हे बघत चाक सरळ फिरायला लावायचं. एवढंच तिचं काम, आणि ते काम तिच्यासारखं त्या कारखान्यात कोणाला जमत नाही. दिवसाला दीडशे चाकं तिच्या हाताखालून जातात. तिथे तिला सगळे चाकबाई म्हणतात. तिच्या हातची चाकं लावून किती माणसं कुठे कुठे फिरत असतील याचा हिशोब कोणी केलेला नाही, पण चाकबाई स्वतः रोज पाऊण तास पायी कामावर जाते आणि पाऊण तास पायी परत येते. सायकल तिला चालवताच येत नाही. कारखान्यात हे कोणाला ठाऊक नाही, आणि घरात कोणाला विचारावंसं वाटलेलं नाही.

धाकटी सून घरात येऊन दोनच वर्षं झाली होती. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली. लोकांच्या घरी जायचं, दंडाला पट्टी बांधायची, शीर शोधायची, रक्त काढून नळीत भरायचं आणि पुढचं घर गाठायचं. चार महिने चालून तिचे पाय दुखले, आणि एक दिवस जेवता जेवता ती म्हणाली, "मला सायकल हवीय. मी घेते." तिचा नवरा गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, तो फोनवर बरं म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "घे की." संपलं.

इतकं सोपं होतं ते! थोरली तेव्हा ताट घेऊन समोरच बसली होती, आणि घास तिच्या तोंडातच राहिला. सायकलीचा हेवा तिला वाटला, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याहून जास्त हेवा वाटला तो 'मला हवीय' या शब्दांचा. एकोणीस वर्षांत घरात पंखे आले, सासूबाईंचा चष्मा आला, नवऱ्याच्या रंगकामाची उंच शिडी आली, आणि या सगळ्याला थोरलीचा पगार लागला. तिने स्वतःसाठी मात्र कधी काही मागितलं नाही. कोणी नाही म्हटलं असतं तर निदान त्याच्यावर डूख तरी धरता आला असता. इथे तीही सोय नव्हती.

रविवारी सकाळी मधल्या खोलीतल्या पलंगाची चादर काढून जमिनीवर पसरली आणि सायकल जोडायचं काम सुरू झालं. म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने सुरू केलं. तो रंगारी माणूस, पण हातात पाना आला की जगातलं काहीही आपल्याला जोडता येतं अशी त्याची ठाम समजूत. खोकं फाडलं. आत मागच्या चाकासकट सांगाडा होता, हँडल वाकडं करून बांधलेलं, पुढचं चाक बाजूला सुतळीने जखडलेलं, आणि पेडलं नि सीट एका लहान डब्यात. रंग गडद निळा. थोरलीच्या कारखान्यातला नव्हता तो, दुसऱ्याच कंपनीचा.

"आमच्याकडची नाही घेतलीस ती?" थोरलीने विचारलं.

"अहो ताई, हिला मागे कॅरिअर होतं," धाकटी म्हणाली. "नळ्यांचा डबा बांधायला बरं."

"असू दे. तुझी आवड."

या चार शब्दांत थोरलीने जेवढं घालता येईल तेवढं घातलं. धाकटीला त्यातलं काही कळलं नाही. ती सायकलवरचा कागद सोलण्यात रंगून गेली होती.

पहिली फजिती डाव्या पेडलाची झाली. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. उजव्यासारखं फिरवलं तर बसायचं सोडून बाहेर येतं. नवऱ्याला ते ठाऊक नव्हतं. तो घाम गाळत होता, दात-ओठ खात होता, पेडलाला, कंपनीला आणि पान्याला शिव्या घालत होता. थोरलीला ठाऊक होतं. ती पलंगावर बसून कपडे घड्या करत राहिली, आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

"अगं, तू सायकलच्याच कारखान्यात ना?" कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "सांग की त्याला काहीतरी."

"मी चाकं बघते आई. पेडलातलं मला काय कळतंय?"

शेवटी धाकटीनेच खोक्याच्या तळातून माहितीचा कागद शोधला, चित्र बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी, हे उलटं फिरवायचंय." पेडल लोण्यासारखं आत गेलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "हुशार आहे हो पोरगी!" थोरलीने हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घातली.

मग पुढचं चाक आलं. नवऱ्याने सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, चाक बसवलं, फिरवलं, आणि ते ब्रेकला घासलं. सर्र, थांब, सर्र, थांब. गाडीतून येताना खोक्याला कुठेतरी मार बसला होता.

"आता हे मात्र ताईंचं काम," धाकटी म्हणाली.

सगळे थोरलीकडे बघायला लागले. ती उठली. कपाटातल्या तिच्या कप्प्यातून तिने स्पोकची चावी काढली. कारखान्यात दुसरी होती. ही घरी आणलेली जुनी, धरून धरून कडा गुळगुळीत झालेली. काडेपेटीतली एक काडी तिने सायकलच्या दांड्याला चिकटपट्टीने लावली, टोक रिमला लागेल न लागेल असं. मग चाक हळूच फिरवलं. काडी जिथे रिमला टेकली तिथे तिचा अंगठा गेला. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. पुन्हा फिरवलं. नवरा पाना खाली ठेवून बघत होता. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

एकोणीस वर्षांत या घराने थोरलीला तिचं कारखान्यातलं काम करताना आज पहिल्यांदा पाहिलं. ते पाहिलं तेही धाकटीच्या सायकलवर. हा विचार डोक्यात आला आणि थोरलीचा अंगठा थांबला.

चाक सरळ झालं होतं. तिने स्पोकवरून नख फिरवलं. टिंग टिंग, एकसारखा आवाज. कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्यातल्या बाईने त्याचे स्पोक मन लावून आवळले होते, बोट ठेवायला जागा नव्हती. आणि थोरलीने चावी पुन्हा लावली. छत्तीस स्पोक, एकेक करून प्रत्येकी एक आटा ढिला. सगळे सारखेच ढिले केले की चाक सरळच फिरतं. कोणाला काही दिसत नाही. मात्र आठ दिवस चालवलं की ते लचकायला लागतं, ब्रेकला घासतं, करकरतं. मग धाकटीने म्हणावं, कसली ही सायकल. शेजारच्या शिंपिणीने म्हणावं, आली तशी बिघडली की. आणि धाकटीने चाक घेऊन थोरलीच्या दाराशी उभं राहावं, आज एकदा, पुढच्या महिन्यात आणखी एकदा. काम संपेपर्यंत थोरलीने हे सगळं मनात बघून घेतलं. तिचा हात जरासुद्धा चुकला नाही.

"बघा आता," ती म्हणाली आणि चाकाला झोका दिला. ते फिरत राहिलं, काडीला न शिवता.

"जादूच आहे!" नवरा म्हणाला. "एवढं येतं तुला?" त्याला ते खरंच आजच कळलं होतं. तो खूश होऊन अंघोळीला गेला. सासूबाई मटारची परात घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

धाकटी मात्र तिथेच बसून राहिली. तिने सायकल सरळ उभी केली आणि उगाचच सगळीकडून हात फिरवला, नव्या वस्तूवरून फिरवतात तसा. मग मागच्या चाकाचे दोन स्पोक चिमटीत दाबले. पुढच्या चाकाचे दोन दाबले. पुन्हा मागचे. दिवसभर लोकांच्या हातावर शीर चाचपणारी बोटं ती. थोरलीच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

"ताई, मागचे कडक लागतात. पुढचे मऊ."

थोरली चावी पदराला पुसायला लागली. "मागचं चाक वेगळं असतं," ती म्हणाली. "वजन मागे असतं ना."

"हो का?" धाकटी लगेच मान डोलावून म्हणाली. "तुम्हाला ठाऊक. मला काय कळतंय त्यातलं."

तिने विषय सोडलासुद्धा. नळ्यांचा डबा आणून ती कॅरिअरला रबरी पट्ट्यांनी बांधून बघायला लागली. उद्या पहिलं घर पाण्याच्या टाकीच्या खालच्या अंगाला आहे म्हणाली, एक म्हातारे गृहस्थ, उपाशीपोटी बसून वाट बघतात, आता उतारावरून पटकन पोचता येईल. ती बोलत होती आणि थोरलीला ऐकवत नव्हतं. शंका घेतली असती तर भांडता आलं असतं. हिने विश्वास ठेवला! कारखान्यात असं चाक कोणी पुढे सोडलं असतं तर चाकबाईने ते उचलून सगळ्यांदेखत त्याच्या पुढ्यात आपटलं असतं. एकोणीस वर्षांत तिने स्वतः असं एकही सोडलं नव्हतं. पहिलं सोडलं ते घरच्या माणसासाठी.

"थांब," थोरली म्हणाली. "उलटी कर ती सायकल."

"का? झालं ना?"

"नाही झालं. मी ढिलं केलंय ते. मुद्दाम."

धाकटीने आधी हसून बघितलं. मग तिचं हसू गेलं. "मुद्दाम म्हणजे?"

"मुद्दाम म्हणजे मुद्दाम. आठ दिवसांत घासायला लागलं असतं."

"मी पडले असते ताई!"

"पडली नसतीस. नुसतं करकरलं असतं."

"मग ती करकर मी रोज ऐकली असती, आणि रोज तुमच्याकडे आले असते, ताई जरा बघा ना म्हणून!" धाकटीचा आवाज चढला. तिने आतल्या दाराकडे बघितलं आणि तो पुन्हा खाली आणला. "मी काय केलंय हो तुमचं?"

थोरलीने चावी लावली आणि पहिला स्पोक आवळला. बोलताना चाकाकडे बघणं तिला सोपं जात होतं.

"काही नाही केलंस. मलाही हवी होती."

"काय हवी होती?"

"सायकल. दुसरं काय?"

"मग घ्यायची की! तुम्हाला कोणी अडवलंय?"

"कोणीच नाही," थोरली म्हणाली. "तेच तर डोकं फिरवतं." तिने दुसरा स्पोक आवळला, तिसरा आवळला. "मला तर चालवताही येत नाही."

थोरली एकेक स्पोक ओढत गेली आणि धाकटी तिच्या मागोमाग तोच स्पोक चिमटीत दाबून बघत गेली, छत्तीसच्या छत्तीस. आता तिचा विश्वास नव्हता, आणि थोरलीने तो मागितलाही नाही. शेवटी चाकावर नख फिरवलं तेव्हा ते पुन्हा टिंग टिंग बोललं.

धाकटीने सायकल सरळ केली, दारातून बाहेर काढली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. शिंपीण दारात येऊन बघत होती. धाकटी उतरली. तिच्या कपाळावरची आठी तशीच होती. तिने सीट दोन बोटं खाली केली, नट आवळला आणि सायकल थोरलीसमोर आणून धरली.

"बसा."

"आत्ता? अगं, लोक बघतायत."

"बघू देत. हवी होती ना तुम्हाला? बसा."

थोरलीने ओचा सावरला आणि पाय टाकून सीटवर बसली. एक पाय पेडलावर होता, दुसरा जमिनीवरून उचलायचं तिच्या जिवावर आलं होतं. खाली पुढचं चाक होतं. लाखो चाकं हातातून गेली होती, पण वरून चाक कसं दिसतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. मागे धाकटीने कॅरिअर दोन्ही हातांनी पकडलं.

"सोडू नकोस हं," थोरली म्हणाली.

"सोडलं तर सांगून सोडेन," धाकटी म्हणाली आणि तिने सायकल पुढे ढकलली.