मोरीचं पत्र्याचं दार

"रडायचं असेल तर मोरीत. आणि तोंड धुऊनच बाहेर यायचं."

शालूचे वडील हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे. बोट मात्र बरोब्बर मोरीच्या पत्र्याच्या दाराकडे जायचं.

अंधेरीच्या आमच्या चाळीत ते माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. माणूस वाईट नव्हता हो! दर रविवारी शालूचा हात धरून वर्सोव्याला होड्या बघायला न्यायचे. पण रडं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. मी एकदा बोललेच, तर म्हणाले, "वहिनी, आमचे वडील जळकं लाकूड घेऊन धावायचे. मी पोरीला कधी बोट तरी लावलंय का?" त्यांच्या हिशेबी मोरी म्हणजे मायाच होती.

पाच वर्षांची असताना शालूचं बोट दारात चेमटलं. नख काळंनिळं. धावत वडिलांपाशी आली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आपली आपण मोरीत गेली. कडी लागली, नळ सुटला. थोड्या वेळाने तोंड पुसत बाहेर.

आम्ही बायका काय म्हणालो असू? "काय गुणी पोर!" खोटं कशाला बोलू, मीही माझ्या लेकीला दोनदा मोरीत पाठवलं. तुम्हीही पाठवलं असतं.

शालू नऊ वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. बायका कुजबुजायला लागल्या, "तिला रडवा कुणीतरी, नाहीतर मनात धरून बसेल." तेव्हा वडिलांनी तिला मांडीवर घेतलं. मी तरी पहिल्यांदाच बघत होते. "रड गं बाळ," ते म्हणाले.

शालूने भरल्या घराकडे पाहिलं. हळूच विचारलं, "अण्णा, मोरीत जाऊ?"

त्यांचा चेहरा मी विसरले नाही. मेलं, विसरताच येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माणूस बदलला. कचेरीतून आले की चपला काढायच्या आधीच विचारायचे, "शालू, आज काही झालं का गं? रडायचंय का?"

"नाही, अण्णा."

रोज तेच. भाजी काय आणू विचारावं तसं! आम्हाला आधी हसू यायचं. मग एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे येऊन तरी रडते का हो ती?"

मी नाही म्हणून मान हलवली. "मग कुठे रडते?" असं त्यांनी विचारलं नाही. नळ त्यांनाही ऐकू येत होता.

आठ वर्षं त्यांनी वाट पाहिली. शेवटच्या दुखण्यातही तिचा हात धरून पुटपुटायचे, "इथे रड ना गं, माझ्यापुढे." ती उशी सारखी करायची आणि म्हणायची, "तुम्ही आधी औषध घ्या बघू."

एका सकाळी ते गेले. शालूने सगळं निगुतीने केलं. धोतर काढून दिलं, तुळशीचं पान आणलं, आत्याला पाणी दिलं. पुरुष मंडळी त्यांना घेऊन गेली तशी ती उठली आणि मोरीत शिरली. कडी लागली. नळ सुटला.

मला राहवेना. मी पत्र्यावर थाप मारली. "शालू, बाहेर ये गं! आता कोण बोलणार आहे तुला? इथे माझ्या गळ्यात पडून रड."

आतला नळ आणखी मोठा झाला.