सेफ्टी मामांनी पूजेत मांडलेली मशीन

सेफ्टी मामा कुठंही गेले तरी आधी बाहेर पडायचं दार शोधायचे. माझ्या लग्नात हातात अक्षता घेऊन ते मांडवामागं फिरत होते. जेवताना म्हणाले, "बाबू, मांगून वाटच नाही ठेवली तुमी! आग लागली त पाव्हने कुठून पयतीन?" सासरे त्यांच्याकडं बघतच राहिले.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या सूतगिरणीत मी हजेरी मांडणारा कारकून आणि मामा सुरक्षा विभागात. विभाग म्हणजे ते स्वतः, वाळूच्या बादल्या आणि एक भोंगा. हे राठोड मामा पुसदकडच्या बंजारा तांड्यावरचे. गिरणीत पाऊल टाकण्याआधी ते सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये होते. तिथं त्यांच्यासमोर एक हमाल छातीला हात लावून पडला. "आमी त्याले हुंगवाले कांदा शोधून राह्यलो होतो," मामा सांगायचे. "कांदा भेटला, मानूस नाही भेटला."

म्हणून दर शनिवारी सरकीचं अर्धं पोतं जमिनीवर आडवं पडायचं आणि मामा आम्हाला एकेक करून त्याच्या छातीशी बसवायचे. पोत्याला छाती असते हे मला तिथंच कळलं. "दाब, जोरानं दाब! बरगडी मोडली त मोडू दे, थे जुळते." कोणीतरी विचारायचंच, "मामा, उठलं का पोतं?" मामा हसायचे आणि त्यालाच पुन्हा दाबायला लावायचे.

मग त्यांनी कुठंतरी त्या मशीनबद्दल ऐकलं. हृदय अचानक बंद पडलं तर झटका देऊन चालू करणारी पेटी. मॅनेजर साहेबांनी विचारलं, "कायद्यात आहे का?" मामांनी माझ्याकडून सरकारी कार्यालयांना अर्ज लिहून घेतले. एका कार्यालयानं सांगितलं, प्रथमोपचार पेटी पुरे. दुसऱ्यानं सांगितलं, ठेवली तर उत्तम. तिसरीकडचे साहेब म्हणाले, परदेशात काही राज्यांत तसा कायदा आहे म्हणे. मामा परत आले ते अधिकच गोंधळून. "बाबू, पडनाऱ्याले कायदा समजते का?" मी पुढचा अर्ज लिहायला घेतला. पुढं सूत घेणारे परदेशी पाहुणे आले, त्यांनी अशी मशीन आहे का म्हणून विचारलं आणि महिनाभरात ती आली. ती अर्जांमुळं आली की पाहुण्यांमुळं, मला अजून सांगता येणार नाही.

पेटी उघडली की आतून बाईचा आवाज हिंदीत सूचना द्यायचा. मामा तिला बाईच म्हणत. "बाई सांगन तसं करा. तिले उचलाले कोनाले इचारू नोका, साहेबालेबी नाही." हे आमच्याकडून त्यांनी पाढ्यासारखं म्हणवून घेतलं होतं.

खंडेनवमीला गिरणी बंद असते, यंत्रांची पूजा होते. मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे आमच्या घरी लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्या वर्षी मामांनी नट पिळायचे पाने, हातोडे यांच्या रांगेत बाईलाही मांडलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. "वर्सभर एकटी बसते बिचारी. तिलेबी मान पायजे." साहेब आरतीला यायचे होते. मामा फाटकाजवळ त्यांची वाट बघत होते आणि तिथंच ते कोसळले.

आमच्यातल्या फिटरनं लगेच छाती दाबायला सुरुवात केली आणि माझ्याकडं बघून ओरडला, "बाबू, मशीन!" मी धावत रांगेपाशी गेलो आणि थांबलो. माळ, हळदकुंकू, न झालेली आरती. विचारायला कोणी दिसतं का म्हणून मी इकडंतिकडं बघितलं. खरंच बघितलं. किती वेळ, ते मला माहीत नाही. मग पेटी उचलली, हात पिवळे झाले. मामांच्या छातीवर पट्ट्या चिकटवल्या. बाई म्हणाली, "झटका मत दीजिए. छाती दबाते रहिए." मला वाटलं, मशीन बिघडली. आम्ही दवाखान्याची गाडी येईपर्यंत दाबत राहिलो.

मामा वाचले नाहीत. डॉक्टरांनी नंतर समजावलं की हृदय नुसतं थरथरत असेल तर मशीन झटका देते, पूर्ण थांबलं असेल तर देत नाही. थोडं आधी लावली असती तर दिला असता का, हे मी विचारलं. "असता किंवा नसता," ते म्हणाले. फिटर म्हणतो, मी गेलो तसाच आलो. चौकीदार म्हणतो, बराच वेळ लागला. कोणावर विश्वास ठेवावा, कळत नाही. मामांवर रागही येतो, की कशाला मांडली तुम्ही ती पूजेत! आणि लगेच त्या रागाची लाज वाटते.

दहा-बारा दिवसांनी मी तांड्यावर गेलो. मामी ओसरीवर बसल्या होत्या. सगळं सांगायचं ठरवूनच मी गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, त्यायनं शिकवलं तसं केलं ना तुमी?"

मी "हो" म्हणालो.

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.