बाबांच्या गालांवरची धूळ

अजून सुन्न आहे, म्हणून इथे लिहितेय.

बाबांच्या तरुणपणीच्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह नौपाड्यातल्या एका स्टुडिओत स्कॅनला दिलेल्या. आज दुपारी फोटो आले, एकदम चकाचक! मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकले. बदामच बदाम आले.

मग आईला दाखवले. ती म्हणाली, "हे कोण गं?"

बाबांच्या गालांवरचे देवीचे व्रण गायब होते!

तडक स्टुडिओत गेले. तिथले काका ओशाळले. "स्कॅनरचं धूळ काढायचं सेटिंग चालू राहिलं गं. ते रंगीत फिल्मसाठी असतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते चेहऱ्यावरच्या खुणाही धूळ समजून पुसतं." त्यांनी ते बंद करून पुन्हा स्कॅन केलं. व्रण परत आले.

पण बाबांना जाऊन सहाच वर्षं झालीत हो. ग्रुपवर एकालाही कळलं नाही. मलासुद्धा नाही!

तुम्हाला कळलं असतं?