शंभरातून सात

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अहमदपूरला गणिताचे मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि आम्ही नांदेडच्या दवाखान्यात नेलं. हातपाय वाचले, बोलणंही परत आलं. पाचव्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन खाटेशी बसली.

"दहा मिनिटांचं काम आहे, काका. थोडे प्रश्न विचारते."

"मास्तरची परीक्षा घेऊन राहिल्या का बाई?" अण्णा म्हणाले. सगळे हसलो.

मला तिनं आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. यात कमी पडले तर पुढं विसरणं, चिडणं, घोळ घालणं वाढू शकतं. घरच्यांना तसं समजावून ठेवता येतं. आणि मधे कुणी बोलू नका. आमच्याकडं डॉक्टर पेशंटला विचारतो आणि उत्तर अख्खं घर देतं, हे तिला माहीत असावं.

शंभरातून सात सात कमी करत जा, ती म्हणाली. त्र्याण्णव, अण्णा म्हणाले, आणि थांबले. खाटेजवळ त्यांचे दोन जुने विद्यार्थी फळं घेऊन उभे होते. अण्णांच्या कपाळाला घाम आला. मी डॉक्टरणीच्या पाठीमागं होतो. आधी आठ बोटं दाखवली, मग सहा. अण्णा म्हणाले, शहाऐंशी. लक्षात ठेवायला दिलेले शब्दही मी आवाज न करता ओठांनी पुरवले. तिनं घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा काटे कुठं ते हवेत बोटानं दाखवलं. ती मागं वळली की मी सलाईनकडं बघायचो. तिनं चांगले गुण लिहिले. मास्तरची इज्जत राहिली म्हणून मला बरं वाटलं.

पुढं अण्णा आणि आई, दोघांना लातूरला माझ्याकडं आणलं. चार-सहा महिन्यांत अण्णा बदलले. नळ चालू ठेवायचे, आईवर खेकसायचे. एकदा बहिणीचे सासू-सासरे आले होते. त्यांच्याच पंगतीला जेवून अण्णांनी हात धुतले, बैठकीत बसले आणि म्हणाले, "हिनं सकाळपासून मला भाकर दिली न्हाई."

आई आत माझ्याकडं आली. तोंड लाल झालेलं. "मुद्दाम करून राहिले का रे हे? का दुखण्यानं?"

"डॉक्टरचा कागद हाय ना," मी म्हणालो. "डोकं साफ हाय त्यांचं."

खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंही नाही. तोवर मलाच तो कागद खरा वाटायला लागला होता.

त्या दिवसापासून आईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. ताट ठेवायची, गोळ्या द्यायची, पण शब्द नाही. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "काय झालं? माझं काय चुकलं?" तीन महिने हे चाललं. मग दुसरा झटका आला, त्यात ते गेले.

वर्षश्राद्धानंतर आई डाळ निवडत शेजारणीला सांगत होती, "शेवटी लई छळलं बघ त्यांनी. मुद्दाम." शेजारीण उठून गेल्यावर मी आईसमोर बसलो. बोटं, शब्द, काटे, सगळं सांगितलं.

"म्हंजे त्यांना कळत नव्हतं?"

"न्हाई, आई."

ती खडे काढत राहिली. मग म्हणाली, "तुझं सांगून झालं. मी तीन महिने बोलले न्हाई त्यांच्याशी. ते आता मी कुणाला सांगू?"

मी तिच्या मांडीवरचं सूप घ्यायला हात पुढं केला. तिनं ते ओढून घेतलं आणि माझ्याकडं पाठ करून बसली.