शेवटचं रीळ माझ्या कपाटात

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्या बाबांचा अमेरिकेहून फोन आला. घराला रंग काढतो आहोत म्हटल्यावर ते म्हणाले, "आई, त्या निमित्ताने कपाटातले ते डबे तरी फेकून दे. आंबट वास मारतात." मी फोन ठेवला, आपटला म्हटलंत तरी चालेल, आणि कागद घेऊन बसले. त्या डब्यांत काय आहे हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवायला हवं, कारण या बाबतीत तुमच्या बाबांवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. कॉलेजात असताना हेच चित्रपट बघून ते जिन्यातला दिवा लावल्याशिवाय खाली उतरत नसत. विचारा त्यांना.

भुतांना न घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. भुतांवर रागावणारा माणूस मात्र जगात एकच झाला, आणि तो सुरतेत, उधन्याच्या आमच्या सोसायटीत, गच्चीवरच्या खोलीत राहत होता. तुमच्या आजोबांचे ते मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी, आणि बाकी सगळी सोसायटी त्यांना मास्तर म्हणायची, कारण पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते कलरमास्तर होते. लग्न केलं नाही. दिवसभर गुलाबी, पोपटी, राणी कलर असल्या रंगांच्या वाफेत उभं राहायचं आणि घरी येऊन काळ्यापांढऱ्या भुतांच्या संगतीत बसायचं, हा त्यांचा संसार. "चित्रपटात रंग कशाला हवा, वहिनी? रंग मी धुवून काढतो ना रोज नाल्यात," असं ते म्हणत. टीव्हीवर केबल आली आणि हिरव्या धुरातून लाल डोळ्यांची भुतं येऊ लागली, तेव्हा ते केबलवाल्याच्या दुकानात जाऊन भांडून आले. "रंग पक्का नाही तुमच्या भुताचा! एका धुण्यात जाईल!" केबलवाल्याला वाटलं, साडीची तक्रार आहे. त्याने शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

त्यांच्या वडिलांची खानदेशात जत्रांतून फिरणारी तंबूतली टॉकीज होती. ती बुडाली तेव्हा वाटणीत भावांनी शेत घेतलं, बैल घेतले आणि यांनी मशीन व पाच चित्रपटांची रिळं घेतली. सगळी पन्नास-साठ सालच्या आसपासची. ओसाड हवेली, पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप हलणारा झोपाळा, दार उघडायला हमखास कंदील घेऊन येणारा म्हातारा नोकर. काही इंग्रजीही होती, त्यांत हवेलीच्या जागी किल्ला आणि साडीच्या जागी गाउन. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की गच्चीवरच्या खोलीत खेळ असे. मिलमधून आणलेल्या डाग पडलेल्या काळ्या कापडाने खिडक्या झाकलेल्या. त्या कापडावरसुद्धा राग. "हा काळा आहे का? हा निळ्यात बुडवून काढलेला काळा आहे!" आम्हाला तो काळाच दिसायचा.

खेळाचे नियम त्यांनीच केलेले. उशिरा येणाऱ्याला दार बंद. मध्येच "आता काय होणार?" विचारणाऱ्याला पुढच्या रविवारी बंदी. शेंगदाणे चालतील, पण कागदाच्या पुडीत नकोत, कारण कागद वाजतो. भुताने हवेलीत शिरताना पदर दारात अडकवला की ते मशीनमागून ओरडत, "अगं, भूत आहेस ना तू? भिंतीतून जा की!" आणि एखादा नट पाठीमागे न बघता अंधारात चालत गेला की त्यांच्या तोंडून थेट गावची अहिराणी बाहेर पडे. "तुनं डोकं ठिकाने शे का रे?" तीच चूक त्या नटाने त्यांच्यासमोर पंचवीस वर्षं केली होती. राग मात्र दर वेळी ताजा.

इंग्रजी चित्रपट असला की माझी हजेरी सक्तीची. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी, तळमजल्यावरच्या हंसाबेनपासून सगळ्या बायकांना चालू चित्रपटात भाषांतर करून सांगायची. एकदा किल्ल्यातला नवरा बायकोला म्हणाला, "तळघरात जाऊ नकोस," आणि मी ते सांगितलं, तर खट्कन मशीन बंद.

"वहिनी, काय केलंत हे!"

"काय केलं?"

"'तळघरात' म्हणताना आवाज खाली नेलात. सगळ्यांना कळलं की खुनी नवराच!"

"मग कसं म्हणू?"

"रेशनचं सामान सांगताय असं म्हणा."

तेव्हापासून मी गळा दाबून केलेले खून, वेडाचे झटके, कबरीतून आलेले आवाज, सगळं साखर दोन किलो, रॉकेल पाच लिटर अशा चालीवर सांगत आले. हंसाबेन म्हणायची, "बेन, तमे बोलो छो ने, एमां ज वधारे बीक लागे छे!" मी बोलते तेव्हाच तिला जास्त भीती वाटायची.

पण मुद्दा डब्यांचा आहे. एका रविवारी सकाळी हंसाबेनचा नवरा गुपचूप गच्चीवर गेला, त्याने दुपारच्या चित्रपटाचं शेवटचं रीळ डब्यातून काढलं, कठड्यापाशी उन्हात धरून पाहिलं आणि जिन्यातून खाली येताना मजल्यामजल्यावर, नव्या बिऱ्हाडांनासुद्धा, खुनी कोण ते जाहीर केलं. भाऊजींनी त्या रविवारचा खेळ रद्द केला. मग एक पद्धत पडली. प्रत्येक चित्रपटाचं शेवटचं रीळ बाकीच्या रिळांत राहायचं नाही. ते माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, कुलपात. खेळ रंगात आला की मी खाली येऊन तेवढा एक डबा वर न्यायची, आणि संपल्यावर परत कुलपात. "या बिल्डिंगमध्ये तोंड बंद ठेवणारी एकच व्यक्ती आहे," असं ते सगळ्यांसमोर म्हणत. तुमचे आजोबा खोकत.

मग प्लेगचं वर्ष आलं. तोंडाला रुमाल बांधून अख्खी सुरत स्टेशनकडे धावत होती ते तुम्ही तुमच्या बाबांकडून ऐकलं असेल. तेव्हा ते तिकडून रोज रडवेल्या आवाजात फोन करत. भाऊजी हलायला तयार नव्हते. "एवढी भुतं पाहिली, आता उंदराला घाबरू?" आजोबांनी त्यांना अक्षरशः हाताला धरून बारडोलीला आमच्या ओळखीच्यांकडे नेलं. आम्ही कपाटाला कुलूप लावलं, त्यांनी गच्चीवरच्या खोलीला.

परत आलो तेव्हा शहरभर पांढरी पावडर आणि फिनेलचा वास. सगळ्यांच्या अंगात सफाई संचारलेली. त्यांच्या खोलीचं कुलूप तोडलेलं होतं. मशीन एका कोपऱ्यात, आणि बाकी खोली धुवून स्वच्छ. एक डबा नाही.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं आधीपासूनच म्हणणं होतं की या रिळांच्या आंबट वासाने उंदीर येतात. जुनी फिल्म आंबते, तिला शिरक्यासारखा वास येतो. उंदीर तिला तोंडसुद्धा लावत नाहीत. उंदीर होते ते सेक्रेटरींच्याच जिन्याखालच्या गोण्यांत. मी जाब विचारला तर म्हणाले, "कचरो ज हतो ने, बेन. म्युनिसिपालिटीच्या गाडीत टाकला." ते खोटं होतं. हंसाबेनने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं की सेक्रेटरींच्या साडूचं जरीचं काम आहे, आणि रिळं टेम्पोत भरून तिकडे गेली. मी पुन्हा जाब विचारायला गेले तर तोंड न पाडता म्हणतात कसे, "एमां तो चांदी होय, बेन! पडून राहण्यापेक्षा कामाला आली."

ऐकलंत? काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते. ती औषधात बुडवून धुवून काढतात, खाली कोरी पट्टी उरते आणि चांदी जाते जरीच्या तारेत. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले. सेक्रेटरींना आधी इंग्रजीतून झापलं. ते त्यांना कळलं नाही, म्हणून गुजरातीतून झापलं. तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून शेवटी मराठीतून, आणि त्या वेळी मी रेशनच्या सामानाची चाल अजिबात लावली नाही. आजोबा माझी बाही ओढत होते. मीटिंगमध्ये ठराव काय झाला? पाण्याची टाकी धुवायचा.

आणि ज्यांनी रागवायचं ते? काळ्या कापडावर, भुताच्या पदरावर, शेंगदाण्याच्या पुडीवर आठवडाभर धुमसणारे भाऊजी खोलीत गेले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "फिनेल चांगलं वापरलंय." मग आमच्या स्वयंपाकघरात येऊन चहा घेतला. मला राहवेना.

"भाऊजी, रागवा ना हो! फोडा त्याचं डोकं!"

ते कपाकडे बघत म्हणाले, "वहिनी, पडद्यावर आपल्याला अंधार दिसतो ना, तो चांदीचा असतो. जिथे चांदी जास्त तिथे काळोख जास्त. उजेडाच्या जागी काहीच नसतं. त्यांनी अंधार तेवढा काढून नेला."

"म्हणून सोडून द्यायचं?"

"भुतावर रागावता येतं. ते पुढच्या रविवारी परत येतं. यांच्यावर रागावून काय करू?"

आज कुठल्या तरी नवरीच्या शालूच्या काठावर आमच्या हवेलीतला काळोख चमकत असेल. तिला सुखी ठेवो देव, पण मला जरीकाठाचं कापड तेव्हापासून अंगावर घालवत नाही. त्यांचा राग त्यांनी टाकून दिला. तो मी उचलला, आणि खाली ठेवायचा माझा विचार नाही.

माझ्या कुलपात पाच डबे होते. पाच चित्रपटांचे पाच शेवट. मी म्हटलं, एवढे तरी दाखवा. हंसाबेनसुद्धा विनवायला आली, नवऱ्याला घेऊन आली, त्याने कान धरले. भाऊजी ऐकेनात. "सुरुवात न दाखवता नुसता शेवट दाखवायचा? मग यांनी गच्चीवर केलं ते आणि मी करणार ते, यांत फरक काय?" मशीनवर त्यांनी चादर घातली. रविवार दुपारी ते आमच्याकडे येऊन पेपर वाचत बसत. केबलवर रंगीत भूत लागलं तरी नुसते बघत राहत. तो त्यांचा गप्पपणा मला त्या सगळ्या चित्रपटांपेक्षा भयानक वाटायचा.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत कफ साठला होता. मिलच्या वाफेने फुप्फुसं कधीच रंगून गेली होती. दवाखान्यात मी उशाशी बसले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "वहिनी, डबे?"

"आहेत, भाऊजी. कुलपात."

"कुणाला सांगितलं नाही ना?"

"नाही."

"आवाजावरूनसुद्धा?"

"आवाजावरूनसुद्धा नाही."

तेव्हा जरासे हसले. किती दिवसांनी, देव जाणे.

तर डबे फेकले जाणार नाहीत. घराला रंग लागेल, कपाट जागचं हलणार नाही, आणि तुमच्या बाबांना आंबट वास येत असेल तर त्यांनी अमेरिकेत नाक धरावं. फिल्म आतून आंबत चालली आहे हे मलाही कळतं. म्हणून सुट्टीत या, आणि लवकर या. त्या पाचही चित्रपटांतला शब्द न् शब्द मी इतक्या रविवारी ऐकला आणि सांगितला आहे की पहिल्या दारापासून शेवटच्या रिळापर्यंत सगळं मला पाठ आहे. खिडक्यांचं काळं कापड धुवून ठेवलं आहे. तुम्हाला सुरुवात मी सांगेन, सपाट आवाजात, मग डबा उघडू.

मशीन चालतं. पाच डबे खालच्या कप्प्यात आहेत. शेवट मी अजून कुणालाही सांगितलेला नाही.